वाढली म्हणायचं

“दिवसभर लाकडाले हातोडा मारते, तरी घरी येईस्तोर हात थकत नाई या मान्साचा.”

हे वाक्य खुशालच्या कानात साबणाच्या फेसासोबतच गेलं. तो न्हाणीत उकिडवा बसला होता, डोळे गच्च मिटून. न्हाणी म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात बांबूच्या तट्ट्यांचा तीन बाजूंनी आडोसा, आणि तट्ट्याच्या पलीकडे हातभर अंतरावर ओळीतल्या सगळ्या घरांचा मिळून एक नळ. तिथे इंदुताई कपडे पिळताहेत हे त्याला पिळण्यावरूनच कळलं. कापडाशी जुनं भांडण असल्यासारख्या त्या पिळायच्या. “हळू बोल वो,” दुसरा आवाज म्हणाला. हा सुगंधाबाईंचा, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. “ऐकू जाईन त्याले.” “जाऊ दे नं. दिवाळीनंतर पाह्यलं होतं नं तुमी गोकुळाचं मनगट? वांग्यावानी निळं. विचारलं तं म्हनते, जात्याचा खुटा लागला. जात्याले का बोटं असतात का बाई?” हंडा भरल्याचा आवाज बदलला, जाड झाला, मग हंडा कमरेवर गेला असावा, कारण दोन्ही आवाज थांबले.

फेस डोळ्यांत चुरचुरत होता. तरी खुशालने तांब्याला हात लावला नाही, पाण्याचा आवाज झाला असता. त्याला आधी खरोखरच वाटलं की ही दुसऱ्या कुणाची गोष्ट आहे, आणि त्या दुसऱ्याचा क्षणभर रागही आला. मग हातोडा आठवला. ओळीत हातोडा मारणारा दुसरा होता कोण? इंदुताईंचे मास्तर फार तर खडू मारत. चांद्याच्या लाकूड डेपोत खुशाल मुन्शी होता. आलापल्लीच्या रानातून सागाचे लठ्ठे यायचे, ते ओळीने लावून घ्यायचे आणि प्रत्येकाच्या तोंडावर शिक्क्याचा हातोडा मारायचा. ठक्क. लाकडावर सरकारची खूण उमटली की लाकूड सरकारचं. मारताना हात कसा सैल सोडायचा आणि शेवटच्या क्षणाला कसा आवळायचा हे त्याच्या खांद्याला पाठ झालं होतं, आणि इतकी वर्षं त्याला या कामाचा बारीकसा अभिमानही होता, की आपला शिक्का कधी दुहेरी पडत नाही. घरी आल्यावर तो गोकुळाला गंमत म्हणून सांगायचा, आज इतक्यायले ठोकलं. मोठ्याने सांगायचा. ओळीतल्या भिंती कुडाच्या, वरून माती. भिंतीपलीकडे त्यातलं काय गेलं असेल, कसं गेलं असेल, याचा त्याने आजवर विचार केला नव्हता.

आणि मग एकेक गोष्ट परत फिरून आली, आणि वेगळं तोंड घेऊन आली. दिवाळीनंतर इंदुताई त्याच्या समोर पदर ओढून घेऊ लागल्या होत्या. त्याला वाटलं होतं, आपण आता वयस्क दिसू लागलो, मान देतात. सुगंधाबाईंची कालवणाची वाटी नेहमी तो डेपोत गेल्यावरच यायची. त्याला वाटलं, योग. मास्तर पूर्वी ओट्यावर बसून नागपूरची राजधानी गेली, मुंबई आली, आता चांद्याचं काय होणार यावर तासभर बोलायचे, ते हल्ली “हं” म्हणून आत जायचे. त्याला वाटलं, मास्तरला राजकारणाचा कंटाळा आला. सहा महिने हा माणूस आपल्या मानाचे नि योगाचे अर्थ लावत बसला होता, आणि ओळ त्याच्याकडे बघून दात खात होती. त्याला हसू आलं. ते हसू तोंडातल्या साबणासारखं लागलं. त्याने तांब्याभर पाणी डोक्यावर ओतलं, आवाज झाला तर होऊ दे म्हणून, आणि नळावरचं कपडे पिळणंही एकदम थांबलं.

पण सगळ्यात खोल जे रुतलं ते हे नव्हतंच. खोल हे रुतलं की ती बोटं त्याचीच होती. दिवाळीला गोकुळा माहेरी गेली होती, नागभीडजवळच्या तिच्या गावी. परत आणताना छोट्या गाडीतून चांदा फोर्टला उतरायचं होतं. गाडीचा पावठा उंच, फलाट बुटका, तिच्या हातात बापाने दिलेली सुकटीची पुरचुंडी. त्याने खाली उभं राहून तिचं मनगट धरलं आणि तिला उतरवलं. बस्स. बायकोला गाडीतून उतरवताना धरतात तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भाकर थापताना हात पुढे केला, तर मनगटावर त्याची चार बोटं होती, निळीसावळी, आणि आतल्या बाजूला अंगठा. हातोड्याच्या शिक्क्यासारखी स्वच्छ, दुहेरी न पडलेली. दोघंही त्या खुणेकडे बघत राहिली. “तुमचा शिक्का बसला माह्यावर,” गोकुळा म्हणाली, आणि भाकर उलटली. तेव्हा दोघंही हसली होती. त्याआधी दात घासताना हिरड्यातून रक्त यायचं ते राखुंडीवर लोटलं होतं, मांडीवरचे डाग जात्यावर, पायावरचे लाल ठिपके डासांवर. चांद्यात डासांवर काहीही लोटता येतं. पण बोटं कशावर लोटणार? त्या दिवसापासून खुशालने तिला हात लावायचं सोडलं. आधी काळजीने, मग भीतीने, मग सवयीने. तिच्या हातात तांब्या देताना तो खाली ठेवायचा आणि ती उचलायची. दोन खाटांमधलं अंतर त्याने पायाने थोडं थोडं वाढवत नेलं होतं, झोपेत चुकून हात पडू नये म्हणून. जगातला एकच माणूस तिला बोट लावत नव्हता, आणि ओळीच्या मते तोच तिला रोज बडवत होता.

अंग पुसून तो आत आला. गोकुळा चुलीपाशी बसली होती, पाट थोडा मागे सरकवून. पोट आता फुगून डाव्या अंगाला जड झालं होतं आणि तिला पुढे वाकवत नव्हतं. हात मात्र काटक्या. डोळ्यांच्या पांढऱ्यात हळदीचं बोट फिरवल्यासारखा पिवळेपणा. कानात बाळ्या, हातात एकेकच बांगडी उरलेली. तिने वर पाहिलं आणि म्हणाली, “साबन तसाच हाय कानात.”

त्याने कान पुसला. “ओळीत काय बोलतात मालूम हाय तुले?”

“कोनती गोष्ट?”

“मी तुले मारतो म्हनतात.”

गोकुळाने चुलीतलं लाकूड आत सरकवलं. तिला नवं काही ऐकल्यासारखं वाटलं नाही, आणि तिला वाटलं नाही हे त्याला दिसलं. “हो,” ती म्हणाली. “इंदुताई तं तुमचं नाव बी घेत नाई. ‘थो’ म्हनते.”

“तुले मालूम होतं?”

“संक्रातीपासून.”

“मंग सांगत काऊन नाई त्यायले?”

तिने उत्तर द्यायला वेळ घेतला. तिला खोटं बोलायचं असलं की ती पटकन बोलायची. वेळ घेतला म्हणजे खरं येणार. “काय सांगू? कावीळ झाली, काळीज बिघडलं, रक्त थांबत नाई? पलीकडच्या ओळीतल्या प्रेमिलाले कावीळ झाली तं काय झालं पाह्यलं नं तुमी. नळावरून तिचा हंडा मागं लावला, पोट्ट्यायले तिच्या अंगनात जाऊ दिलं नाई. मेली तवा घरात कोनी नोतं. बिमार म्हटलं का बाया दूर सरकतात. नवरा मारते म्हटलं का जवळ येतात. डोक्शाले तेल लावून देतात. सुगंधाबाई रोज येऊन बसते, वाटी आनते, हात हातात घेते.” मग ती थोडी हसली. “तुमचं काय जाते? तुमी दिवसभर डेपोत.”

तुमचं काय जाते. खुशाल खाटेवर बसला. या वाक्यात राग येण्यासारखं पुष्कळ होतं, पण राग बसायला जागा सापडेना. हात हातात घेते, एवढेच शब्द कानात राहिले. जे त्याने काढून घेतलं होतं ते तिने ओळीकडून मिळवलं होतं, त्याची अब्रू देऊन. सौदा वाईट नव्हता. तिच्या जागी तो असता तर त्यानेही केला असता, असं त्याला वाटलं, आणि मग आपल्या जागी आपणच आहोत हे त्याच्या लक्षात आलं.

“पेटी काढता नं आज माळ्यावरून?” गोकुळा म्हणाली. “रविवार हाय. नागपूरले जायाचं तं लुगडी उन्हात टाकाव लागन. आन् दुपारी धुरपता येनार हाय बांगड्या घेऊन. मी सांगतलं तिले. मोठ्या दवाखान्यात अशा भुंड्या हातानं कशी जाऊ? थ्या नर्सा म्हनतीन, चांद्याची बाई रांडव हाय का काय.”

“पाहू,” तो म्हणाला.

माळ्यावर पत्र्याची पेटी होती. हिरवी, कडीला दोरी बांधलेली. खाटेवरून ती दिसत होती, आणि तो तिच्याकडे पाहत नव्हता. नागपूरला जायचं नव्हतं. हे त्याला काल दुपारपासून माहीत होतं. गोकुळाला सांगायचं होतं. काल संध्याकाळी सांगणार होता, मग वाटलं, जेवण होऊ दे. मग वाटलं, सकाळी. आणि सकाळी न्हाणीत हे. चांद्याच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा, बोलताना ‘ण’ असा घट्ट उच्चारायचा की ऐकणाऱ्याला आपलं शर्टाचं बटण लावावंसं वाटे. पहिल्यांदा गोकुळाला नेलं तेव्हा त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, मग खुशालच्या हातांकडे, आणि म्हणाला, “तुम्ही बाहेर बसा.” बाहेरच्या बाकावर बसून खुशालला वाटलं होतं, बायकांची तपासणी असेल. आज कळलं. तोही आधी तेच समजला होता. फक्त शिकलेला असल्यामुळे त्याने बाहेर बसा म्हटलं. नंतर त्याने विचारलं, दारू घेता का, आणि घरात आणखी कोण घेतं. कोणी नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसायला दोन खेपा लागल्या. मग तो लहानपणाकडे वळला. लहानपणी गोकुळाला दर पावसाळ्यानंतर ताप यायचा. गावातल्या सगळ्याच पोरांना यायचा. हिवतापाचा साहेब शाळेत येऊन पोरांना रांगेत झोपवायचा आणि बरगडीखाली हात घालून पानथरी, म्हणजे प्लीहा, चाचपायचा. ज्याची हाताला लागली त्याला कडू गोळ्या. गोकुळाची लागायची. गोळ्यांवर गावाचा विश्वास नव्हता म्हणून आजीने तापलेल्या बिब्ब्याचे डाग दिले, ते डाव्या पोटावर अजून होते, वाळलेल्या लाखोळीच्या दाण्यांएवढे. लग्नाआधी एक मोठी कावीळ झाली होती, ती कुणी मोजलीच नव्हती. ती उतरली म्हणून सगळे विसरले. काळीज विसरलं नव्हतं.

“पानथरी बरीच वाढली आहे,” डॉक्टर त्या दिवशी म्हणाला होता. परत येताना झरपट नदीच्या पुलावर गोकुळाने विचारलं, “डॉक्टर वाढली म्हनला. म्हंजे फुटली का?” त्याला आधी कळेना. मग कळलं. घरात बांगडी फुटली की फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. कुंकू पुसलं म्हणायचं नाही, वाढवलं. दिवा विझवला नाही, वाढवला. तिच्या लेखी वाढली हा शब्द म्हणजे काहीतरी संपलं आणि बायका तोंडावर पदर घेऊन बोलताहेत. पुलावर उभं राहून त्याने तिला समजावलं, नाही वो, वाढली म्हणजे खरंच वाढली, मोठी झाली. “मोठी झाली तं चांगलं नं?” ती म्हणाली, आणि दोघंही हसत घरी आली होती. आता तो पूल आठवला की वाटे, तिनेच बरोबर ऐकलं होतं.

काल डॉक्टरने त्याला एकट्याला बोलावलं. खिडकीजवळ टेबलावर सूक्ष्मदर्शक होता, खालच्या आरशात उन्हाचा कवडसा धरलेला. डॉक्टरला समजावून सांगायची हौस होती. किंवा सांगायचं होतं ते इतकं कठीण होतं की आधी काहीतरी दाखवावं असं त्याला वाटलं असेल. त्याने खुशालच्या बोटाला सुई टोचली. थेंब काचेवर ओढला, वाळवला, जांभळा रंग घातला, धुतला. “बघा. हे तुमचं.” खुशालने एक डोळा लावला. आधी स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग एकदम सगळं उघडलं: फिकट गुलाबी गोल चकत्या, पेव फुटून धान सांडावं तशा, आणि त्यांच्यामधे अगदी बारीक जांभळे कण. दोन इथे, चार तिथे, गठ्ठ्याने बसलेले, बाजाराच्या दिवशी झाडाखाली माणसं टेकतात तसे. “त्या लाल पेशी. मधले बारीक कण दिसतात ना, त्या प्लेटलेट्स. रक्ताच्या नळीला कुठे छिद्र पडलं की हे धावतात आणि बुजवतात. छिद्रं रोज पडतात. चालताना, उठताना, कुणी हात धरला तरी. आपल्याला कळतसुद्धा नाही.” मग त्याने दुसरी काच ठेवली. “हे त्यांचं.” गुलाबी चकत्या होत्या, जरा वेड्यावाकड्या. मधली जागा मोकळी. डॉक्टर काच हळूहळू सरकवत होता, आणि खुशालच्या डोळ्याखालून मोकळं रान जात होतं, मोकळं, मोकळं. मग एका कोपऱ्यात एक कण आला. एकटा. जांभळा ठिपका, कडेला थोडा फाटका. त्याच्या आसपास कोणी नव्हतं. डॉक्टरने काच थांबवली नाही, कण सरकून निघून गेला, आणि खुशालच्या तोंडातून “थांबा” असं निघालं. कशाला थांबायचं होतं ते त्याला सांगता आलं नसतं.

“गेले कुठे ते?” त्याने विचारलं.

डॉक्टरने कागदावर रेघोट्या मारून दाखवलं. यकृत, म्हणजे काळीज, जखमा भरता भरता आतून घट्ट झालं, दोरखंडासारखं. पोटातलं रक्त त्यातून पुढे सरकत नाही, म्हणून मागे पानथरीत तुंबतं. पानथरी फुगते, आणि हे कण तिच्यात अडकून पडतात. खुशालला सासऱ्याच्या गावचा तलाव दिसला. तुडुमाचं, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीचं, तोंड गाळाने भरलं की पाणी शेतात उतरत नाही, मागे पसरतं, बांधाच्या पाळीवर चढतं. सासरा इस्तारी, जातीचा ढिवर, रात्री कंदील घेऊन पाळीवरून चालायचा. खेकड्याने बीळ पाडलं असेल तिथे ओली माती टाकून टाचेने दाबायचा. दाबायचा आणि पुढे जायचा. सकाळी गावाला तलाव दिसायचा, टाच कुणाला दिसायची नाही. “मंग पानथरी काढून टाकली तं?” खुशालने विचारलं. डॉक्टरने पेन्सिल ठेवली. “नागपूरला काढतात. म्हणूनच मी तुम्हाला आशा दाखवली होती. तिथले सर्जन परवा इथे आले होते, त्यांना मी दोन्ही काचा दाखवल्या, बाईंची तपासणीही त्यांनी केली. पण बघा, पानथरी काढायची तर पोट उघडावं लागतं. पोट उघडलं की रक्त थांबवायला हेच कण लागतात. आणि ते आतल्या तिजोरीत अडकलेत. यकृतही झेपवणार नाही. ते म्हणाले, टेबलावरच जातील. नको.” मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “घरीच सांभाळा. खरबरीत काही खायला देऊ नका. आणि हळू धरा.”

हळू धरा. ते तर तो धरतच नव्हता. संध्याकाळी घरी आल्यावर गोकुळाने विचारलं, “काय म्हनला?” तो म्हणाला, “रक्तात पलेटा कमी हायत म्हनला.” गोकुळाने मांडणीकडे पाहिलं. तिथे जर्मनच्या दोन ताटल्या उभ्या होत्या. “आपल्या घरात तरी कुठी जास्त हायत,” ती म्हणाली, आणि इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. पुढचं राहून गेलं. डॉक्टरने काळीज दगडासारखं झालं म्हटलं होतं, तेही तिला मागेच कळलं होतं, आणि त्यावर ती म्हणाली होती, “अन् तुमी म्हनत होते का तुहं काळीज लोन्याचं.” या बाईला काहीही सांगा, ती त्याची गंमत करून परत द्यायची, आणि घेणाऱ्याला वाटायचं की आपण सांगितलं. सांगितलेलं नसायचं.

दुपारी ऊन ओट्यावरून उतरायला लागलं तेव्हा धुरपता आली. डोक्यावर पाटी, पाटीत सुतळीत ओवलेल्या बांगड्यांची तोरणं. ओळीतल्या सगळ्या बायकांचे हात तिच्या हातांखालून गेलेले. कुणाचा हात मऊ, कुणाचा हाडाचा, कोण भरताना रडतं, हे तिला ठाऊक. सुगंधाबाई आल्या, इंदुताई आल्या. खुशाल आत होता, दाराआड, खाटेवर पालथा पडून झोपल्याचं सोंग करत. कूड, दार, फट. आज दुसऱ्यांदा तो हातभर अंतरावरून बायकांचं ऐकत होता. बाहेर जाऊन सांगावं का? काय सांगावं? मी मारत नाही, हे जगात आजवर कोणत्या नवऱ्याने सांगितलं आणि कोणाला पटलं? आणि पटवायचं तर दुसरं सांगावं लागणार. ते आधी जिला सांगायचं ती तर नागपूरसाठी रंग निवडत होती.

“हिरव्याच दे वो,” गोकुळा म्हणत होती. “पोपटी नोको. दवाखान्यात उठून दिसन.”

“दवाखाना कायचा?” इंदुताईंनी विचारलं.

“असाच. पोटाचा.”

“पोटात बी मारते का?” इंदुताईंनी आवाज खाली आणला, म्हणजे त्यांना वाटलं आणला. सुगंधाबाई म्हणाल्या, “इंदू, चूप बस नं माय.”

“मी हळूच भरतो हां,” धुरपता म्हणाली. “हात लय उतरला बाई तुहा. मागच्या साली मले तेल लावा लागलं होतं.” एक गेली, दुसरी गेली. काचेवर काच वाजली. खुशालला तो आवाज आवडायचा. लग्न झालं तेव्हा अंधारात तिचा हात कुठे आहे हे त्याला त्याच आवाजाने कळायचं. मग एक वेगळा, कोरडा आवाज आला, टिचल्याचा, आणि धुरपता सवयीने पुटपुटली, “वाढली, वाढली. काई नाई. लागलं का?” “नाई,” गोकुळा म्हणाली. “खरचटलं जरासं.”

मग बोलणं थोडं चाललं. वरोऱ्याला इंदुताईंच्या भाचीचं लग्न होतं, त्यात जावयाने घड्याळ मागितलं. मग बोलणं अडखळलं. सुगंधाबाई म्हणाल्या, “अवो, थांबत नाई हे.” “हळद आना.” कुणीतरी आत आलं, मांडणीवरचा हळदीचा डबा घेऊन गेलं, खाटेवर कोण आहे ते त्या बाईने पाहिलंही नाही. “दाबून धर.” “धरलं तं.” पदराचं टोक, मग दुसरं टोक. खुशाल उठून बसला. फटीतून त्याला फक्त हात दिसत होता. नव्या हिरव्या बांगड्या, आणि त्यांच्या खालून मनगटावरून कोपराकडे जाणारी बारीक लाल रेघ, हळदीला न जुमानता चाललेली, उतार बघून पाणी जातं तशी, घाई न करता. आणि जिथे धुरपताने हात दाबला होता तिथे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, लाल ठिपके उगवत होते. कोणी मारलं नव्हतं. चौघी बायका मधे होत्या, ऊन होतं, आणि ठिपके उगवत होते.

“मी तं जोर बी नाई लावला,” धुरपता म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. “कसम बाई, जोर नाई लावला मी.”

त्यानंतरची शांतता खुशालला ओळखीची होती. ही त्याच्याच घरातली होती, दोन खाटांच्या मधली, आज ओट्यावर आली होती. तो दार लोटून बाहेर गेला. पायात चप्पल नव्हती. बायका सरकल्या. तो गोकुळासमोर उकिडवा बसला आणि त्याने तिचं मनगट धरलं. खाली चार बोटं, वर अंगठा जखमेवर, आणि दाबलं. हळू नाही. टाच बिळावर दाबतात तसं. दिवाळीनंतर पहिल्यांदाच. तिचं मनगट किती बारीक झालं होतं आणि किती गरम होतं हे त्याच्या हाताला माहीत नव्हतं. उद्या इथे पाचही बोटं उठतील, त्याला वाटलं. उठू देत.

“सोडा भाऊ तिचा हात,” इंदुताई म्हणाल्या. “सहा महिने पाहून राह्यलो आमी. सोडा.”

खुशालने सोडलं नाही. त्याने सांगायला तोंड उघडलं. गोकुळा त्याच्याकडे पाहत होती. पिवळ्या डोळ्यांत नेहमीची गंमत शोधून पाहिली त्याने, नव्हती.

“राहू दे इंदुताई,” ती म्हणाली. “धरू दे त्यायले. पेटी काढली नाई यायनं माळ्यावरून. कालपासून मी तीन खेपा म्हटलं, तं पाहू म्हनतात. मले तवाच समजलं का नागपूर नाई होत आता. बांगड्या तं मी उगाच भरल्या, मले पाहाचं होतं का हे बाहेर येतात का नाई.”

“वाढली बांगडी तं भरून देतो वो दुसरी,” धुरपता घाईने म्हणाली. “मन छोटं नोको करू. वाढली म्हनाव.”

“वाढली नाई, बाई,” गोकुळा म्हणाली. “फुटली. अन् तुमी सगळ्या आयकून घ्या, मंग दूर सरकाचं तं सरका. हे मारत नाईत मले. कधीच मारलं नाई. मी मरून राह्यली.”